कडेवर लेक, समोर हिमनदी



मे महिन्यात कोरपन्यात दुपारी बारानंतर आपण दार उघडत नाही. पारा ४६ अंशांच्या आसपास, कूलरच्या टाकीत पाणी ओतून ओतून हात दुखतात. अशा दिवसांत मी पलंगावर लोकरीच्या टोप्या आणि हातमोजे मांडून बसले होते. शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, ऊन लागलं का गं डोक्याला?"

माझी नणंद अमेरिकेत सिएटलला असते. तिने अलास्काच्या जहाजाची सात दिवसांची सहल ठरवली होती, आणि सासूबाईंनी यावे म्हणून हट्ट धरला होता. सासूबाई म्हणाल्या, येईन, पण नातीला सोडून नाही. लेक तेव्हा पावणेदोन वर्षांची. चातुर्मास बसायच्या आत परतायचे, म्हणून जूनचा पहिला आठवडा धरला.

आधी कामाचे सांगते, कारण मला हे कुणी सांगितले नव्हते. सिएटलहून निघणारी ही जहाजे वाटेत कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदरात थांबतात. जहाज परदेशी नोंदणीचे असेल तर अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यामुळे त्याला मध्ये परक्या देशाचे बंदर घ्यावेच लागते. म्हणजे आपल्या पासपोर्टवर अमेरिकेचा आणि कॅनडाचा, दोन्ही व्हिसा हवेत. कडेवरच्या बाळालाही.

दुसरे, थंडीच्या कपड्यांचे. दुकानात गुबगुबीत हलकी जॅकेटं दिसतात, बाळाला छान वाटतात, पण पुष्कळांच्या आत बदकाची नाहीतर हंसाची पिसे असतात. लेबल वाचा. कृत्रिम भरावाचे तितकेच उबदार मिळते. लोकर आपल्याकडे चालते, साधू-साध्वींची कांबळ लोकरीचीच असते. बूटही चामड्याचे नकोत. आत सुती, मग लोकर, वरून वारा-पाऊस अडवणारे, असे तीन थर घातले की लेक एखाद्या गाठोड्यासारखी दिसायची, पण डेकवर एकदाही कुडकुडली नाही.

खाण्याचे मला वाटले होते त्याहून सोपे गेले. कांदा, लसूण, बटाटा, कुठलेच कंदमूळ नको, अंडे नको, हे आधी लिहून कळवले होते. रोज संध्याकाळी उद्याचे काय करू म्हणून विचारायला यायचे. माझी किटली मात्र जहाजावर चढतानाच काढून घेतली, आगीच्या भीतीने अशी उपकरणे चालत नाहीत. सासूबाई उकळलेलेच पाणी पितात. मग स्वयंपाकघरातून रोज सकाळी उकळलेल्या पाण्याचा थर्मास मागून घ्यायचा, असे ठरले. खाखरे आणि मुगाच्या खिचडीचे कोरडे मिश्रण घरून नेले होते. पहिल्या दिवशी उघड्या समुद्रात जहाज डोलले, तेव्हा लेकीने सगळे उलटवले आणि पुढचा दिवसभर फक्त खाखऱ्यावर राहिली. आणखी एक, पोहण्याच्या तलावात डायपरवाल्या बाळांना सोडत नाहीत. तिचा पोहायचा गुलाबी ड्रेस घडीही न मोडता परत आला.

चौविहाराची गंमत वेगळीच. जुनोला सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास! नणंद म्हणाली, "आई, नऊला जेवलीस तरी चौविहार मोडत नाही." सासूबाई रोज साडेसहाला ताट घेऊन बसायच्या. म्हणायच्या, "सूर्याला उशीर झाला म्हणून माझ्या पोटाला उशीर होतो का?" लेक मात्र उजेड आहे म्हणजे दिवस आहे, या मतावर ठाम. पडदे ओढून, त्यांच्या कडांना टॉवेल खोचून तिला झोपवायचे, आणि पहाटे चारला ती पुन्हा उजेडात हजर!

आता जे सांगायला बसले ते सांगते.

ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठी जहाजे सोडतात. उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि माहिती देतात. त्यांनी सांगितले, १७९४ मध्ये व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा ही खाडी जवळजवळ तोंडापर्यंत बर्फाने भरलेली होती. आता बर्फ शंभर किलोमीटरहून जास्त आत गेला आहे. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबले. निळसर भिंत, दीड किलोमीटर रुंद. गडगडाट झाला आणि तिचा एक कडा पाण्यात कोसळला. डेकवरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. लेकीनेही. सासूबाईंनी हात जोडले आणि पुटपुटल्या, "मिच्छामि दुक्कडम्."

मला तेव्हा जरा अतीच वाटले, खरे सांगते. बावीस अभक्ष्यांत बर्फ आहे, गारा आहेत, पाणी म्हणजे अपकाय जीव, हे मी लहानपणापासून ऐकलेले. आमच्या घरी भर उन्हाळ्यात सरबतात बर्फ पडत नाही. पण ४६ अंशांत मनात चिडचिड होतेच ना?

मग जुनोला मेंडनहॉल हिमनदीच्या तळ्याकाठी गेलो. वाट सपाट आहे, बाबागाडी जाते. काठाला बर्फाचे काचेसारखे तुकडे लागले होते. एका परक्या मुलाने लेकीच्या हातात एक तुकडा दिला. तिने माझ्याकडे पाहिले. सासूबाई मागे राहिल्या होत्या. मी मोबाइल काढला आणि म्हणाले, "खा, खा, चाटून बघ." तिने जीभ लावली, तोंड वेडेवाकडे केले, हसली. फार गोड व्हिडिओ आला.

मागे वळले तर सासूबाई उभ्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. गुडघे दुखतात त्यांचे, तरी लेकीसमोर उकिडव्या बसल्या, तुकडा हळूच तिच्या हातातून घेतला आणि पाण्यात सोडला. म्हणाल्या, "त्याचं घर आहे ते. त्याला घरी जाऊ दे." लेकीने वाकून दुसरा तुकडा उचलला, पाण्यात टाकला, म्हणाली, "घल." मग तिसरा. अर्धा तास हेच. मी बाबागाडीपाशी उभी राहिले, हातातल्या मोबाइलचे काय करावे ते कळेना. बोलल्या असत्या तर मी उत्तर तरी दिले असते.

इतक्या लांब विमानाने, एवढे तेल जाळणाऱ्या जहाजाने जाऊन वितळणारा बर्फ बघायचा, याचा हिशोब मला अजून जमलेला नाही. पुन्हा नेशील का विचाराल, तर मला माहीत नाही.

परतलो तेव्हा कोरपन्यात पाऊस यायचा होता. शेजारच्या काकूंनी प्रेमाने लेकीला लिंबू सरबत दिले, त्यांच्याकडे बर्फ घालतात. तिने पेल्यात बोटे घालून खडा बाहेर काढला, दुडुदुडु धावत कूलरपाशी गेली आणि टाकीत टाकला. "घल!"

काकूंना काही कळले नाही. सासूबाई पदराआड हसल्या आणि मग माझ्याकडे पाहिले. तो व्हिडिओ अजून मोबाइलमध्ये आहे. मी पुसलेला नाही, आणि कुणाला पाठवलेलाही नाही.