खड्ग आणि चेटूक

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांची अभिरुचि सोवळी असावी अशी लोकांची अपेक्षा असते. म्हणूनच उघड्या छातीचे योद्धे, दुष्ट मांत्रिक आणि महाकाय सर्प यांनीं भरलेले, १९८० नंतरच्या दशकांतले खड्गपट आम्हांस मनापासून आवडतात असें सांगतांच सभ्य मंडळींच्या भुंवया वर चढतात. परंतु आवडीचें कारण शोधणें हें टीकाकाराचें काम. तिची लाज बाळगणें हें नव्हे.

या घराण्याचा मूळ पुरुष कोनन. टेक्सासच्या रॉबर्ट हॉवर्ड यानें १९३२ सालीं 'विअर्ड टेल्स' मासिकांत त्यास जन्म दिला. पन्नास वर्षांनीं, १९८२ सालीं, जॉन मिलिअस यानें त्यास पडद्यावर आणलें. अर्नोल्ड श्वार्झनेगरचा देह आणि बॅसिल पोलेडूरिसचें भव्य संगीत यांवर तो चित्रपट उभा आहे. त्याच वर्षींच्या 'बीस्टमास्टर'मध्यें नायकास पशूंच्या मनांत शिरतां येतें, मुंगसासारखे दोन चोरटे प्राणी त्याचे सोबती असतात, आणि त्याचें काळें श्वापद म्हणजे चक्क रंग फासलेला वाघ! 'द सोर्ड अँड द सॉर्सरर'मधल्या तलवारीस पातीं तीन; त्यांतलीं बाणाप्रमाणें शत्रूवर सोडतां येतात.

हें पाहून हसूं येतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. संवाद लाकडी, कथानक जुजबी, आणि स्त्रीपात्रांस बहुधा शोभेपुरतेंच स्थान. हे दोष प्रेमानें पुसले जात नाहींत. तथापि यांतला नायक प्रेक्षकांकडे पाहून डोळा मिचकावीत नाहीं. ती तीन पात्यांची तलवार घेऊन तो अशा गांभीर्यानें उभा राहतो, कीं जणूं राज्य खरोखरच बुडालें आहे आणि पित्याच्या वधाचा सूड खरोखरच घ्यावयाचा आहे. आमच्या कोंकणांतल्या दशावतारांत राक्षस आरोळी ठोकीत येतो, तेव्हां सोंगामागचा गृहस्थ कोण हें अर्ध्या गांवास ठाऊक असतें. तरी मुलें भितातच. कारण सोंग घेणारा स्वतः त्या सोंगाची थट्टा करीत नाहीं.

आज संगणकाच्या साह्यानें राक्षसांचीं अक्षौहिणी सैन्यें निर्दोषपणें उभीं करतां येतात. पण त्या चित्रपटांतले वीर अनेकदां स्वतःच आपल्या पराक्रमावर विनोद करून मोकळे होतात. प्रेक्षक हंसण्यापूर्वीं आपणच हंसलेलें बरें, असा त्यांचा हिशेब दिसतो. जुन्यांस हा हिशेब ठाऊक नव्हता. तीन पात्यांच्या त्याच चित्रपटाच्या चित्रीकरणांत, १९८१ सालीं, उंच कड्यावरून उडी घेणारा एक धाडसी पुरुष प्राणास मुकला. पडद्यावरच्या खोट्या जगामागें घाम आणि रक्त हीं खरीं होतीं, हें आठवलें म्हणजे आमचें हंसूं क्षणभर ओठांवरच थांबतें.

आमच्या विद्यार्थ्यांचे निबंध अलीकडे फार सावध झाले आहेत. प्रत्येक विधानामागें माघारीची वाट राखलेली असते. कोणी हंसेल असें वाक्य त्यांत सांपडत नाहीं, आणि कोणाचें काळीज हलेल असेंही सांपडत नाहीं. त्यांना रस्किन वाचावयास सांगावा हें तर खरेंच. परंतु एखाद्या रात्रीं रंग फासलेला तो वाघही त्यांनीं अवश्य पाहावा.