उत्तरपत्रिका तपासताना

आज संडे स्कूलच्या उत्तरपत्रिका तपासल्या. जुन्या कराराची ३९ आणि नव्या कराराची २७ पुस्तकं मुलांनी क्रमानं लिहिलीत. निकेया परिषदेचं ३२५ हे सालही बहुतेकांना आठवलं. हे पाठांतर मला मोलाचं वाटतं; त्याच्याशिवाय श्रद्धेची चर्चा हवेत राहते.

पण लूकच्या दहाव्या अध्यायात येशूनं घेतलेली परीक्षा निराळी आहे. शेजारी कोणाला म्हणायचं, असं एक शास्त्री विचारतो. येशू व्याख्या देत नाही. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगून उलट त्यालाच प्रश्न करतो. शास्त्री बरोबर उत्तर देतो, तरी येशू तिथं थांबत नाही. तसंच वागायला सांगतो.

पुढच्या प्रश्नपत्रिकेत मी विचारणार आहे: ही गोष्ट तुमच्या गल्लीत घडली, तर तुम्ही काय कराल?