ज्या ठणक्याला शब्द नाही

आमच्या घरी जाई नावाचे मांजर आहे. वय वर्षे अकरा. गेल्या महिन्यात तिच्या तीन दाढा काढाव्या लागल्या. ह्याविषयी लिहावे असे त्यात काय आहे, असे प्रथम मलाही वाटले होते. परंतु वीसेक वर्षे वर्गात 'दोन ओळींमधले वाचा' असे सांगत आलेल्या माणसाला स्वतःच्या उशाशी झोपणारे मांजर वाचता आले नाही, ही गोष्ट काही केल्या मनातून जाईना. म्हणून हा लेखनप्रपंच.

शस्त्रक्रियेपूर्वीचे चार-पाच महिने जाई बदलली होती. कोरड्या खाद्याचा दाणा तोंडात घेई आणि खाली टाकी. खाताना मान एका बाजूला कलती करी. अंग चाटणे कमी झाले होते, पाठीवरचे केस राठ दिसू लागले होते. आम्ही ह्या साऱ्याचा अन्वय लावला तो असा, की वय झाले, खाण्याचे चोचले वाढले, स्वभाव गंभीर झाला. मांडीवर बसून ती घुरघुरत असे, तेव्हा ती सुखात आहे ह्याविषयी तर शंकाच नव्हती. मांजर दुखत असतानाही घुरघुरते, हे पशुवैद्यांनी सांगितले तेव्हा मी ओशाळलो. एकाच चिन्हाचे दोन परस्परविरुद्ध अर्थ संभवतात आणि संदर्भावाचून त्यांतला कुठलाही गृहीत धरू नये, हा तर मी दर वर्षी शिकवतो तो पहिला पाठ!

भूल देऊन क्ष-किरण चित्र काढले तेव्हा कारण कळले. शरीराच्या स्वतःच्याच पेशी दात विरघळवत नेतात, असा हा विकार. मांजरांत तो पुष्कळ आढळतो. वरून दाढ बरीचशी शाबूत दिसते, आतून मात्र ती पोखरली जात असते. मोठ्या मांजराला तीस दात असतात. जाईपाशी आता सत्तावीस उरले.

वेदना आणि भाषा ह्यांच्या नात्याविषयी आपण पुष्कळ वाचलेले असते. आजारपणासाठी इंग्रजी भाषेपाशी पुरेसे शब्द नाहीत, अशी तक्रार व्हर्जिनिया वुल्फने 1926 मधल्या 'ऑन बीइंग इल' ह्या निबंधात केली होती. तीव्र वेदना भाषेला नुसती दाद देत नाही असे नव्हे, तर ती भाषाच मोडून टाकते, असे इलेन स्कॅरीने 'द बॉडी इन पेन'मध्ये (1985) मांडले. मराठीची स्थिती मला इतकी दरिद्री वाटत नाही. आपली दाढ ठणकते, ठुसठुसते, दात शिवशिवतात, आंबतात, हिरडी हुळहुळते, मस्तकात कळ जाते. ह्यांतला प्रत्येक शब्द वेगळे दुखणे सांगतो आणि ऐकणाराही ते वेगळे समजतो. जाईपाशी ह्यांतले काहीच नव्हते. शिवाय दुखणे लपवणे हाच तिच्या जातीचा स्वभाव.

संध्याकाळी तिला घरी आणले तेव्हा भुलीचा अंमल पुरता उतरला नव्हता. तिने उंचावर उडी घेऊ नये म्हणून एका खोलीत जमिनीवरच अंथरूण केले, दिवा मंद ठेवला, मातीचे भांडे आणि पाणी जवळ सरकवले. लाळेत किंचित रक्त दिसेल, त्याने घाबरू नये. रक्त वाहतच राहिले तर मात्र कळवावे, असे सांगितलेले होते. उकडलेली कोंबडी, मीठ-कांदा-लसूण काही न घालता, मिक्सरमधून काढून कोमट केली, कारण अन्न कोमट असले की वास येतो आणि मांजर वासावर जेवते. चोवीस तासांत काहीच खाल्ले नाही तर फोन करा, अशी सक्त ताकीद होती. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. दुसरी ताकीद औषधाची. घरातली पॅरासिटामॉलची गोळी, अगदी तुकडासुद्धा, मांजराला विष आहे.

त्याच रात्री पशुवैद्यांनी दिलेला एक कागद उपयोगी पडला. मॉन्ट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. कान, डोळे, मुस्कट, मिशा आणि डोक्याची ठेवण अशी पाच स्थाने. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहांपैकी चार वा अधिक झाले, तर वेदनाशामकाचा विचार करावा. ह्या पद्धतीत 'मांजराला काय वाटते?' असा प्रश्नच नाही. कान कुठे वळले आहेत, डोळे किती मिटले आहेत, डोके खांद्यांच्या खाली आहे का, एवढेच ती विचारते. आधी वर्णन, अर्थनिर्णय मागाहून. रात्री नऊ वाजता माझी बेरीज सहा आली. फोन केला, जाईला पुन्हा नेले, इंजेक्शन दिले गेले. सकाळी बेरीज दोनवर आली होती आणि वाटीतली कोंबडी अर्धी संपली होती.

पुढचे दिवस सिरिंजने गालाच्या कोपऱ्यातून औषध देण्यात गेले. तेव्हा मार्जारकिशोरन्याय आठवे. माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरते. मांजरीच्या पिल्लाला मात्र काहीच करावे लागत नाही, आईच त्याला दातांत अलगद धरून नेते. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांच्या तेंकलै पंथाने शरणागतीसाठी हाच दृष्टान्त घेतला. आमची जाई मात्र ह्या बाबतीत मर्कटपंथी निघाली. औषधाची चाहूल लागताच चादरीला चारी पंजांनी घट्ट धरून बसे. तिने शरण यावे असे आम्ही तिच्यासाठी पूर्वी केले तरी काय होते, असे मनात येई आणि मी मुकाट्याने एकेक नख सोडवत असे.

बाराव्या दिवशी टाके विरघळत आल्याचे पशुवैद्यांनी पाहिले. त्यानंतर एका सकाळी जाईने पुस्तकांच्या कपाटाच्या कडेवर उजवा गाल घासला, पुन्हा घासला, आणि निघून गेली. लहानपणापासूनची तिची ही सवय. मी आनंदलो, आणि मग ही सवय तिने नेमकी कधी सोडली होती, ते आठवू लागलो. ते मला आठवले नाही.