छताला टेकलेला माड

क्यूच्या वनस्पती उद्यानातल्या पाम हाउसचं, म्हणजे ताडामाडांच्या काचघराचं, दार ढकललं की आधी चष्मा जातो. बाहेर लंडनचा नोव्हेंबर, आत रत्नागिरीचा जून. काचा पुसून होईपर्यंत ओल्या मातीच्या वासावर चालायचं. मी तिथे गेलो होतो वाळलेल्या झाडांसाठी. थिओडोर कुक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. निवृत्तीनंतर क्यूला बसून त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यातली काही नावं मला मूळ नमुन्यांशी ताडून पाहायची होती. सकाळभर हर्बेरियमच्या कागदांवर चिकटवलेलं कोकण बघायचं आणि दुपारी जिवंत झाडांकडे जायचं, असा माझा क्रम ठरून गेला.

पाम हाउस १८४४ ते १८४८ या काळात उभं राहिलं. आराखडा डेसिमस बर्टनचा, लोखंडकाम डब्लिनच्या रिचर्ड टर्नरचं. घडीव लोखंडाच्या कमानी टर्नरने जहाजबांधणीतून उचलल्या. आत उभं राहून वर पाहिलं की उपडं घातलेलं गलबत दिसतं. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला, तोही पथ्यावर पडला. सुरुवातीला काच हिरवट होती, कारण उन्हाने पानं करपतील अशी भीती होती. लंडनमध्ये, उन्हाची भीती! पुढे शहराच्या धुराने असलेला उजेडही घटू लागला, तेव्हा साधी काच आली.

मला खरं वेड लावलं ते तळघराने. झाडांच्या पायाखाली कोळशाचे बंब पेटत, लोखंडी जाळ्यांखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरे. बागेत धूर नको म्हणून तो भुयारातून तळ्यापलीकडच्या मनोऱ्याकडे न्यायचा, आणि त्याच भुयारातून छोट्या रुळांवरून कोळसा आणायचा, अशी योजना होती. मनोरा दिसायला देवळाच्या घंटाघरासारखा, पण काम धुराड्याचं. धुराला ओढ मात्र नीट लागेना. आमच्या वाडीत जी ऊब फुकट, आणि मे महिन्यात नकोशी, तिच्यासाठी हा एवढा खटाटोप.

आणि या खटाटोपाचं फळ काय, तर माड उंच होतो. इथेच गोम आहे. मधला घुमट जेमतेम एकोणीस मीटर; आमच्याकडचा चांगला माड त्याच्याही वर जातो. क्यूमध्ये ताडामाडाच्या कुळातलं झाड छताला टेकलं की ते तोडतात. नाहीतर झावळ्या काच फोडतील. जागेवर नवं रोप लावतात. बरं वाढलं म्हणून मारलं जाणारं झाड मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. १९८४ ते १९८८ च्या दुरुस्तीत तर अख्खं घर रिकामं केलं आणि सुमारे १६,००० काचा नव्याने बसवल्या.

या घराचा धनी आहे तो हळू वाढणारा. दक्षिण टोकाला कुंडीत एक सायकससारखं झाड आहे, एन्सेफॅलार्टोस अल्टेनस्टायनी. फ्रान्सिस मॅसनने ते दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केपमधून आणलं. १७७५ मध्ये ते क्यूला पोचलं, म्हणजे घराहून त्र्याहत्तर वर्षं आधी. खोड चार मीटरहून लांब, कललेलं, टेकू दिलेलं. वाढ वर्षाला जेमतेम इंचभर. १८१९ मध्ये त्याला शंकू आला, तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स मुद्दाम पाहायला आले होते; पुढच्या वर्षी ते वारले. त्यानंतर दोनशे वर्षांत या झाडाने पुन्हा शंकू धरलेला नाही.

सुट्टीत घरी आल्यावर हे सगळं मी काकांना सांगितलं. आमची माडाची वाडी तेच सांभाळतात. बंबांचं त्यांना विशेष वाटलं नाही. माड तोडतात, यावर मात्र ते थोडा वेळ गप्प बसले. मग कुंडीतल्या त्या म्हाताऱ्याकडे वळले.

"अडीचशे वर्षं झाली म्हणतोस?"

"होय."

"आणि धरलं एकदाच?"

"एकदाच."

"मग त्याला वर्षाला खत किती घालतात?"

हे मात्र मी क्यूला विचारायचं विसरलो होतो.