पुस्तकांचं गाव आणि आपण

पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना डोंगरावर भिलार लागतं. पूर्वी या गावाची ओळख स्ट्रॉबेरीची. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' झालं. कल्पना वेल्समधल्या 'हे-ऑन-वाय'वरून घेतली. पण तिथे पुस्तकांची दुकानं, तर इथे गावकऱ्यांनी राहत्या घरातली खोली, ओसरी वाचकांना मोकळी करून दिली. एका घरी कविता, दुसऱ्या घरी संतसाहित्य, तिसरीकडे बालसाहित्य. चित्रकारांनी येऊन भिंती रंगवल्या. पुस्तकं राज्य मराठी विकास संस्थेची, दार मात्र घरच्यांनी उघडं ठेवायचं. वाचायला पैसे पडत नाहीत.

मागच्या सुट्टीत लेकीला तिथे नेलं. दुबईत वाढलेली ही पोर मराठी फाडफाड बोलते, वाचते मात्र अक्षर लावत लावत. एका ओसरीवर पाऊण तास बसून तिने एक अख्खी गोष्ट संपवली. घरच्या आजींनी एकदाही घाई केली नाही.

मंडळी, आपल्याही फ्लॅटमध्ये मराठी पुस्तकं आहेत, पण कपाटात बंद. मुलांनी ती उघडलीच नाहीत, तर आपल्यानंतर ती रद्दीतच जायची. महिन्यातल्या एका रविवारी आळीपाळीने एकेका घराने दार उघडं ठेवलं तर? पहिला रविवार आमच्याकडे. चहा आमचा, पुस्तकं तुमची, आणि मुलांना जरूर आणा.