बहिणीची सही आणि बाबासाहेबांचा राजीनामा

घोडपदेवच्या आमच्या चाळीत दरवर्षी १४ एप्रिलला हिंदू कोड बिलावर भाषण होतं. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्यामागे हे रखडवलेलं बिलही होतं, हे पोरंसोरंही सांगतील. पण त्याच चाळीत वडील वारले की गावच्या जमिनीसाठी बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतात. बदल्यात साडीचोळी आणि 'माहेर तुटायचं नाही' एवढी हमी.

वडील गेल्यावर आमच्या भावकीतूनही हाच सल्ला आला. आई म्हणाली, "ज्या पोरींनी बापाचं दुखणं काढलं, त्यांची नावं आधी लागतील." सातबारावर आई, दोघी बहिणी आणि मी, अशी चार नावं लागली.

काहीजण म्हणतात, आपण बौद्ध, हिंदू कायदा आपल्याला कशाला? पण १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी तेव्हापासून मुलाइतकीच वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने तिला जन्मतः समान हक्क मिळाला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झालेली नसेल, तर दुरुस्तीवेळी वडील हयात नसले तरी तो टिकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. लग्नाने हक्क जात नाही.

'बहीण राजीखुशीने सोडते' म्हणणाऱ्यांनी तिला आधी तिचा वाटा किती ते सांगावं, मग विचारावं. माहेर तुटायच्या भीतीने केलेली सही राजीखुशीची नसते.

पुढच्या जयंतीला माईक हातात घेण्याआधी आपल्या घरचा सातबारा काढून बघा.

जय भीम!