दोन रायफली, दोन कुळं

आमचे थोरले काका वारले. त्यांच्या मागं दोन जुन्या विलायती रायफली राहिल्या. परवानेवाला माणूस गेला की वारसांनी हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावं, असं १९५९चा शस्त्र कायदा सांगतो. आम्ही व्यापाऱ्याकडे नेल्या. म्हाताऱ्या गृहस्थांनी आधी बोल्ट ओढून दोन्हींचं पोट रिकामं आहे ना ते पाहिलं, मग म्हणाले, "अहो, या बहिणी नव्हेत!"

घरात दोन्हींना 'आठ एमएमची' एवढंच नाव. पण एक निघाली जर्मनीची माउझर. तिच्या बोल्टच्या अंगाला चार बोटं लांब पोलादी पट्टी असते; तीच रिकामं काडतूस ओढून काढते. दुसरी ऑस्ट्रियातल्या स्टायरची मॅनलिकर-शोनावर. बोल्टची मूठ उलथन्यासारखी चपटी, लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत, आणि पोटात फिरती चकरी, तिच्या खाचांत पाच काडतुसं. चकरी इतकी अलगद फिरते की बघतच राहावं!

माउझरच्या काडतुसाची टोपण ५७ मिलिमीटर लांब, शोनावरच्याची ५६. एकाचं दुसरीत चालत नाही. आपल्याकडे माहीत असलेल्या ३१५ बोअरचं मूळही ऑस्ट्रियाचंच आठ एमएम, पण त्याच्या बुडाला कडा असते. म्हणजे आठ एमएम म्हणून काही कळत नाही.

नळीवरच्या नावावरही विसंबू नये. लंडनच्या रिग्बीचं नाव असतं, आतला सांगाडा माउझरचा असतो. जिम कॉर्बेटची प्रसिद्ध रिग्बी अशीच. बोअर २७५ म्हणायचं, पण काडतूस माउझरचं सात एमएम.

खरी भीती वेगळीच. जर्मनांनी १९०५च्या सुमारास आपल्या आठ एमएमची गोळी ३१८ सहस्रांश इंचावरून ३२३ केली. जाड गोळीच्या काडतुसाच्या नावात 'एस' अक्षर आलं. काडतुसाची टोपण तीच, म्हणून ते जुन्या अरुंद नळीच्या रायफलीतही बसतं. चाप ओढला की दाब बेसुमार वाढतो. रायफल फुटू शकते, आणि गाल तिला टेकलेला असतो.

पुतण्याला परवाना स्वतःच्या नावे करून घ्यायचा आहे. १९७२च्या कायद्यानं शिकार बंद झाली, तरी वनखात्याच्या परवानगीनं रानडुकरं हाकता येतील, असं त्याचं म्हणणं. व्यापाऱ्यानं नळीचं माप घेतलं. आमची माउझर अरुंद नळीची. काकांच्या डब्यातल्या अकरा काडतुसांपैकी चार 'एस'ची निघाली. ती त्यांनी निराळ्या पुडीत बांधून, पुडीवर लाल शाईनं लिहून, रायफलीबरोबरच जमा करून घेतली.